खणातले गाढव

दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलली, तर तिला चोरी म्हणतात. विचारून आणली आणि परत दिली नाही, तर तिला काहीच म्हणत नाहीत. मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण या दुसऱ्या गोष्टीसाठी आपल्या भाषेत चपखल शब्द मला अजून सापडलेला नाही. बहुधा हा गुन्हा आपण सगळेच करतो, म्हणून त्याला नाव ठेवायला कोणी धजावत नसावे. पावसात आणलेली छत्री, कार्यासाठी आणलेले पातेले, ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून नेलेले पुस्तक. अशी एखादी पाहुणी वस्तू प्रत्येक घरात असते. माझ्या घरी एक गाढव होते.

गाढव लाकडाचे. उंची बोटभर, रंग राखी, एक कान तुटका. गळ्यात साखळी, साखळीला धातूची पट्टी आणि पट्टीवर एका किड्याचे चित्र व काही अक्षरे-आकडे. ते माझ्याकडे कसे आले आणि कसे गेले, या हकिकतीत माझी शोभा फारशी नाही. पण नरकचतुर्दशीला कारीट चिरडून त्याचा कडवटपणा जिभेला लावायची आपली रीतच आहे. वाचकांनी हा लेख त्या खाती जमा करावा.

२०२३ च्या मे महिन्यात मी ताईकडे अमेरिकेत गेलो होतो. ऑरेगन राज्यात पोर्टलंडला तिचे घर आहे. हवा स्वच्छ असली, की गावातून माउंट हूडचे हिमशिखर दिसते. ३,४२९ मीटर उंचीचा हा डोंगर असा एकटा उभा, की जणू त्याला भावंडेच नाहीत. माझा सोळा वर्षांचा भाचा एका सकाळी म्हणाला, “मामा, चल, तुला आमचं तीर्थक्षेत्र दाखवतो.”

मला वाटले, एखादा धबधबा असेल. गाडी शहर सोडून आग्नेयेला निघाली. ऑरेगन सिटी मागे पडली, दोन्ही अंगांना डग्लस फरची उंच, काळसर झाडी दाटली, शेते आली, गेली, आणि एका आडरस्त्याच्या कडेला गाडी थांबली. देऊळ नाही, धबधबा नाही, चहाची टपरीही नाही. जमिनीलगत एक छोटा फलक तेवढा होता. भाच्याने चपला काढायच्याच बाकी ठेवल्या होत्या! मोबाइल पुढे धरून त्याने स्थान वाचले : उत्तर ४५ अंश १७.४६० कला, पश्चिम १२२ अंश २४.८०० कला.

या आकड्यांची कथा अशी. आकाशातल्या उपग्रहांवरून आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत, ते सांगणारी यंत्रणा अमेरिकन लष्कराची. सामान्य लोकांच्या यंत्रांना ती मुद्दाम चुकवत असे. शंभर मीटरपर्यंत फरक पडे. १ मे २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी ही मुद्दाम घातलेली चूक काढून टाकण्याची घोषणा केली आणि एका रात्रीत साध्या माणसाच्या हातातले यंत्रही खरे बोलू लागले. ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने येथे एक बादली अर्धवट पुरून ठेवली. आत पुस्तके, व्हिडिओ, थोडे पैसे, एक गलोल, बीन्सचा एक सीलबंद डबा, आणि नोंदवही व पेन्सिल. मग तिचे अक्षांश-रेखांश त्याने इंटरनेटवर जाहीर केले. नियम एवढाच, की काही घ्या, काही ठेवा. तीन दिवसांच्या आत माइक टीग याने ती शोधून काढली. त्याच महिन्याच्या अखेरीस या खेळाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव मिळाले. ही ‘कॅश’ म्हणजे रोकड नव्हे, दडवलेला साठा. आज अशा दडवलेल्या डब्या जगभर तीस लाखांहून अधिक आहेत. आणि तो बीन्सचा डबा? तो पुढे सापडला आणि स्वतःच प्रवासी होऊन माणसांच्या हातांतून गावोगाव हिंडू लागला.

“हिंडू लागला म्हणजे?” मी विचारले.

“दाखवतो ना,” म्हणून भाच्याने मला क्लॅकॅमस नदीकाठच्या झाडीत नेले. पाण्याचा आवाज येत होता. शेवाळलेल्या ओंडक्याखाली काडतुसांची एक जुनी लष्करी पेटी होती. ती उघडली, आतली नोंदवही, खेळण्यातल्या मोटारी आणि गोट्या यांच्यामध्ये आमचे गाढव पाय रोवून उभे होते.

भाच्याने ते तळहातावर घेतले आणि माझी शिकवणी सुरू केली. पेटीतल्या बाकीच्या वस्तू अदलाबदलीच्या. एक घ्यावी, तिच्या तोलाची दुसरी ठेवावी. पण ज्याच्या गळ्यात अशी पट्टी आहे, तो प्रवासी. इंग्रजीत त्याला ‘ट्रॅव्हल बग’ म्हणतात. त्याच्या बदल्यात काही ठेवावे लागत नाही; कारण तो घेणाऱ्याचा होतच नाही. त्याचा एक मालक असतो आणि त्याला जायचे एक ठिकाण असते. आपण त्याला फक्त पुढच्या डबीपर्यंत पोचवायचे. पट्टीवरचा आकडा नोंदवला, की तो कोणाच्या हातात आहे, कोणत्या डबीत आहे, हे मालकाला घरबसल्या कळते. म्हणून तो आकडा कोणाला सांगायचा नाही, छायाचित्रातही दिसू द्यायचा नाही. नाही तर ज्यांनी गाढव पाहिलेही नाही, ते पाहिल्याची नोंद करतात!

“म्हणजे ही कावड झाली,” मी म्हणालो. काशीची गंगा रामेश्वराला नेणाऱ्या एकनाथांनी ती वाटेत तहानेल्या गाढवाला पाजली, ती कथा मी त्याला सांगितली.

“पण मामा, इथे गाढवच कावडीत बसलंय,” तो म्हणाला.

गाढवाबरोबर प्लॅस्टिकमध्ये जपलेली एक चिठ्ठी होती. मालक बव्हेरियातले एक निवृत्त गृहस्थ. गाढवाच्या तोंडी त्यांनी घातले होते : मला डोंगर आवडतात. मला चढावर न्या. पायथ्याशी ठेवू नका. ते आल्प्समधून निघून रॉकी पर्वत ओलांडून ऑरेगनला आले होते.

डोंगर म्हटल्यावर माझा साताऱ्याचा अभिमान उफाळून आला. “अरे, आमचा अजिंक्यतारा घराच्या खिडकीतून दिसतो! याला थेट गडावर नेतो.”

भाचा थबकला. म्हणाला, “मामा, नक्की नेणार असशील तरच घे. जमणार नसेल, तर नुसता पाहिल्याची नोंद करता येते. त्यात कमीपणा काहीच नाही. साधारण पंधरा दिवसांत पुढे सोडायचा. उशीर होणार असेल, तर मालकाला एक ओळ लिहायची.”

“मी प्रोफेसर आहे रे, मला काय सांगतोस?” मी म्हणालो. माझे खाते नव्हते, म्हणून नोंद ताईच्या घरच्या खात्यावर झाली. हा तपशील तेव्हा मला क्षुल्लक वाटला.

सातारला परतलो तो जूनमध्ये. गाढव लिहिण्याच्या टेबलाच्या खणात ठेवले. पाऊस उघडला की गडावर जाऊ. पाऊस उघडेपर्यंत परीक्षा आल्या. परीक्षा संपेपर्यंत पेपरांचे गठ्ठे आले. खिडकीतून अजिंक्यतारा रोज दिसत होता. घरापासून गडाचा दरवाजा तासाभराच्या वाटेवर. पण रोज दिसणाऱ्या डोंगरावर माणूस उद्या जातो.

याच गाढवाचे जातभाई कोठे कोठे पोचले होते, ते ऐकले म्हणजे माझ्या आळसाचे माप कळेल. २००८ साली रिचर्ड गॅरियट हे गृहस्थ अशी एक पट्टी पृथ्वीभोवतीच्या अंतराळ स्थानकात ठेवून आले. म्हणजे जमिनीपासून सुमारे चारशे किलोमीटर वर. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘पर्सिव्हिअरन्स’ ही गाडी मंगळावर उतरली. तिच्यावरही असाच एक आकडा कोरलेला आहे. मंगळ झाला, अंतराळ झाले. साताऱ्याच्या खणातून समोरच्या टेकाडावर जायला मात्र आमच्या गाढवाला वाहन मिळेना.

सप्टेंबरात मालकाचे पत्र आले. ताईच्या घरच्या खात्यावर आले, म्हणजे भाच्याकडे. त्याने ते मला धाडले. मजकूर दोन-तीन ओळींचा : गाढव तुमच्याकडे सुखरूप असावे. भारतातले डोंगर त्याला कसे वाटले, हे जाणून घ्यायची उत्सुकता आहे. घाई मुळीच नाही.

‘घाई मुळीच नाही’ एवढेच मी त्यातले उचलले.

दुसरे पत्र जानेवारीत आले. ते आणखी मऊ होते. काही अडचण असेल, प्रकृती वगैरे ठीक नसेल, तर गाढवाची काळजी करू नये, असे त्यात होते. आता मला खरोखरच लाज वाटली. आणि लाज वाटली, म्हणून मी उत्तर दिले नाही. ही गोष्ट तर्काला धरून नाही, हे मला कळते. पण पुस्तक परत न करणारा विद्यार्थी आपल्याला पाहून गॅलरीतून का वळतो, ते मला त्या दिवशी समजले.

विद्यार्थ्यांची आठवण उगाच झाली नाही. त्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीचा प्रमुख म्हणून मी एका सूचनेवर सही केली होती. ज्यांनी मुदतीत पुस्तके परत केली नाहीत, अशा एकोणीस विद्यार्थ्यांची नावे फलकावर लावली होती. खाली माझी लफ्फेदार सही. विसावे नाव कोणाचे हवे होते, ते फक्त बव्हेरियातल्या एका गृहस्थांना ठाऊक होते, आणि ते लिहीत होते की, घाई नाही.

२०२४ च्या जूनमध्ये तिसरे पत्र आले. तेवढे मात्र मला जसेच्या तसे आठवते. ‘गाढव हरवले असेल, तर तसे सांगावे. मी रागावणार नाही. रस्त्यावर सोडलेली वस्तू केव्हा तरी हरवणार, हे धरूनच मी ती सोडली होती. मला फक्त नोंद खरी ठेवायची आहे.’ आणि पाठोपाठ गाढवाच्या नावापुढची नोंद बदलली : ठिकाण अज्ञात.

रात्री भाच्याचा फोन आला. “मामा, गाढव हरवलं का?”

“नाही रे, खणात आहे.”

तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मी त्यांना दोनदा लिहिलं होतं. पहिल्यांदा लिहिलं, पाऊस संपला की माझे मामा त्याला किल्ल्यावर नेणार आहेत. मग लिहिलं, मामांच्या कॉलेजात परीक्षा चालू आहेत. आता काय लिहू?”

माझ्यासाठी हे पोर वर्षभर परक्या माणसाशी खोटे बोलत होते, आणि तेही मी प्रोफेसर आहे या भरवशावर. मी खण उघडला. वाळलेली पेने होती, जुन्या पावत्या होत्या, खडूची पेटी होती. गाढव नव्हते.

घर पालथे घातले. शेवटी सौ. म्हणाल्या, “ते लाकडी गाढव का? ते मी गेल्या दिवाळीच्या साफसफाईत खालच्या चिमीला दिलं. चार महिने खणात पडलं होतं. मला वाटलं, तुम्हाला नको असेल.”

सौ.चे काही चुकले नव्हते. खणात पडलेल्या वस्तूकडे पाहून ती कोणाची तरी ठेव आहे, हे कोणाला कळणार? खेळाबाहेरच्या माणसांना ही मंडळी ‘मगल’ म्हणतात आणि डबी मगलांच्या दृष्टीस पडू नये म्हणून जपतात. माझ्या घरात खेळाच्या आत असलेला माणूस मी एकटा होतो.

मी तरातरा खाली गेलो. चिमी सात वर्षांची. खाटेवर पाय हलवीत बसली होती. मी ग्रंथालयाच्या सूचनेतल्या आवाजात विचारले, “चिमे, माझं गाढव कुठं आहे?”

तिचे डोळे भरून आले. तिने ते उशीखालून काढले आणि पाठीमागे धरले. “काकूंनी मला दिलंय,” ती म्हणाली.

ते ऐकल्यावर माझा आवाज उतरला. माझ्याकडे तिसऱ्या पत्राचा कागद होता. एका म्हाताऱ्या माणसाने अनोळखी, निरुत्तर माणसाला कसे विचारले, ते त्यात होते. त्याने गृहीत धरले होते, की समोरचा भला आहे आणि काही तरी अडचण आहे. मी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, “चिमे, काकूंनी दिलं ते बरोबरच. चूक माझी. ते माझं नव्हतंच. त्याची गोष्ट सांगू?”

मोबाइलवर त्याच्या वाटेचा नकाशा उघडून दाखवला. आल्प्सपासून निघालेली रेघ समुद्र ओलांडून रॉकी पर्वतावर, तेथून ऑरेगनच्या जंगलात. आणि तेथे तुटलेली. चिमीने त्या टोकावर बोट ठेवले. “मग इथून पुढे का नाही गेलं?”

“मी नेलं नाही म्हणून.”

“पण ते गेलं की! आमच्या किल्ल्यावर होतं.”

मला अर्थ लागेना. तिच्या आईने हसत स्वतःच्या मोबाइलमधले छायाचित्र काढून दाखवले. २०२३ च्या दिवाळीत अंगणात मुलांनी केलेला मातीचा किल्ला. हळीव पेरून हिरवी केलेली उतरण, सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे. आणि महादरवाजाच्या चढावर, पाठीवर काडेपेटीचे ओझे घेऊन उभे असलेले आमचे एककानी गाढव. पायथ्याशी नव्हे, चढावर! चिठ्ठीतली अट चिमीने चिठ्ठी न वाचता पुरी केली होती. गळ्यातली पट्टी तेवढी नव्हती; ती तिच्या वडिलांनी दुचाकीच्या किल्लीला अडकवली होती. किल्ल्यावर गाढव आणि किल्लीला पट्टी, अशी वाटणी झाली होती.

त्या रात्री मी पत्र लिहिले. सगळे लिहिले : खण, आळस, लाज, भाच्याने माझ्यासाठी केलेली सारवासारव, साफसफाई. सोबत मातीच्या किल्ल्याचे छायाचित्र जोडले. उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. त्या गृहस्थांना छायाचित्र इतके आवडले, की माझ्या तेरा महिन्यांविषयी त्यांनी एक शब्दही लिहिला नाही. एवढेच लिहिले, की अशी पट्टी विकत घेताना जोडीने मिळते. एक प्रवाशाच्या गळ्यात, दुसरी मालकाच्या घरी. गाढव मुलीला हवे असेल, तर ते तिच्याकडेच राहू द्यावे; घरच्या पट्टीला मी दुसरे गाढव बांधीन आणि जुनाच प्रवास पुढे चालू होईल. मात्र तिला विचारून ठरवा.

मी चिमीला विचारले. तिने दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, “आधी खऱ्या किल्ल्यावर नेऊ. मग सोडू.”

ऑगस्टातल्या एका रविवारी आम्ही अजिंक्यताऱ्यावर गेलो. पावसाची झिमझिम, दगड हिरवे झालेले. हा गड औरंगजेबाने १७०० साली वेढा घालून घेतला आणि त्याला आझमतारा म्हटले. मराठ्यांनी तो परत घेतला आणि अजिंक्यतारा म्हटले. जो गड हातचा गेला आणि हाती आला, त्याच्या दरवाजात गाढवाला उभे करताना मला इतिहास जरा माझ्याकडे पाहून हसतोसा वाटला. मारुतीला नमस्कार करून आम्ही वर गेलो. यवतेश्वराचा डोंगर ढगात होता. सज्जनगड मधूनच दिसे, मधूनच पुसला जाई. प्रक्षेपणाच्या मनोऱ्याचे टोक धुक्यात हरवले होते. चिमीने गाढव तटावर ठेवले आणि पट्टीवरच्या आकड्यावर अंगठा ठेवून म्हणाली, “आता काढा फोटो.” तो नियम तिला मी एकदाच सांगितला होता.

सप्टेंबरात माझा एक जुना विद्यार्थी शिकायला एडिंबरोला निघाला. जाण्याआधी भेटायला आला, तेव्हा चिमीने गाढव त्याच्या हाती दिले आणि बजावले, “पंधरा दिवसांत. जमणार नसेल तर आत्ताच सांगा.” शकुंतलेला सासरी पाठवल्यावर कण्वांचे मन ठेव परत केल्यासारखे निश्चिंत झाले, असे कालिदासाने म्हटले आहे. शाकुंतल शिकवणाऱ्याला एका लाकडी गाढवाने त्याचा अर्थ पटवावा, हे योग्यच झाले. विद्यार्थ्याने शब्द पाळला. बाराव्या दिवशी तेथल्या टेकडीवरच्या एका डबीत गाढव पोचल्याची नोंद आली.

एप्रिल २०२५ मध्ये ते कोणी तरी उचलले. त्यानंतर नोंद नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला, दोन गेले. चिमी दर रविवारी वर येऊन विचारते आणि मी नकाशा उघडून दाखवतो. एकदा मला राहवले नाही. उचलणाऱ्याला मी एक खरमरीत पत्र लिहिले. पण धाडण्याआधी मालकांची परवानगी विचारली. त्यांचे उत्तर आले : ‘हे पाठवू नका. त्याच्या पहिल्याच नोंदी दिसतात. नवखा असेल, नियम ठाऊक नसेल. कदाचित त्याने डबीत ठेवले असेल आणि नोंद करायची राहिली असेल. आधी त्याला क्षेमकुशल विचारू. मग डबीच्या मालकाला पाहायला सांगू. त्यानंतरही नाही सापडले, तर ठिकाण अज्ञात असे लिहू. आकडा मरत नाही. कोणाच्या खणातून कधी तरी निघेल.’ आणि खाली एक ओळ : ‘तुमच्या अनुभवावरून सांगतो.’

मी माझे पत्र फाडले. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात गेलो, तेव्हा नव्या वर्षाची नावांची यादी सहीसाठी टेबलावर होती. ती बाजूला ठेवली आणि यादीतल्या प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी लिहायला बसलो. पहिली ओळ काय लिहावी, ते मला आता ठाऊक होते : पुस्तक तुमच्याकडे सुखरूप असावे.